खूणगाठी

जानेवारीत इथे साडेतीनलाच दिवे लावावे लागतात.
नावघरात हीटर, हीटरवर कॉफीची किटली,
आणि मी 'लुंडे'च्या पोटात उताणी,
डॅशबोर्डखाली मान घालून.
एकोणसत्तराव्या वर्षी माणसाने करू नये असं आसन.

जुनं ते सोनं म्हणणाऱ्याने
एकदा या फळीमागे हात घालून बघावा.
प्लायवूड भिजल्या पावासारखं हातात येतं.
पेट्रोलचा काटा कायम निम्म्यावर,
टाकी भरलेली असो, कोरडी असो,
त्याचं आपलं एकच म्हणणं.
आणि तारा. सगळ्या तांबड्या. एकूण एक.

"अठ्ठ्याऐंशी साली ओद्दाच्या दुकानात
अख्खं रीळ निम्म्या किमतीत होतं,"
हालवार म्हणतो, उलट्या बादलीवर बसून,
मांडीवर स्क्रूंचा डबा.
म्हणून दिवा तांबडा, पंप तांबडा, भोंगा तांबडा.
संसारही याने असाच जोडला असता,
मी नसते तर.

मुलगी बर्गनहून स्क्रीन घेऊन आली.
नकाशा, खोली, माशांचे थवे, सगळं एका काचेत.
इंजिनापेक्षा महाग. नाकापेक्षा मोती जड.
जुन्या भोकात मावेना, भोक वाढवलं,
करवत तिरकी गेली, बर्चची पट्टी ठोकून झाकलं.
शेजारचा युर्गन येऊन "सरळ दिसतंय" म्हणाला.
खोटं बोलण्यात तो पहिल्यापासून हुशार.

खुर्ची मात्र मी न विचारता वर घेतली. चार बोटं.
सदतीस वर्षं ही बोट सहा फुटी माणसाची होती.
मी सुकाणूवर बसले की
काचेची चौकट नेमकी डोळ्यांपुढे यायची,
समुद्र मधोमध कापलेला.
आता तो अखंड दिसतो. जरा जास्तच.

त्याच्या डोळ्यांत मधोमध डाग आहे,
कडेकडेने दिसतं थोडं.
"तुझा कान दिसतो, तू नाही," म्हणाला.
डॉक्टरने हेच सांगायला चाळीस मिनिटं घेतली.

तारांपाशी मी अडले.
चौदा तांबड्या, एकीवरही चिठ्ठी नाही.
सैतानाच्या नावाने लांबलचक शिवी हासडली.
तो उठला. बादली कलंडली, स्क्रू सांडले.
चाचपत आला, वाकला,
त्या गुंत्यात बोटं घातली,
भाकरीचं पीठ भिजलंय का बघतात तशी.

"एक गाठ, मागचा दिवा.
दोन, पंप.
तीन... थांब... हो, भोंगा.
बिनगाठीची कशालाच जोडलेली नाही. उरली होती."

इतकी वर्षं त्या गाठींना मी गबाळेपणा समजत होते.
मी त्याच्याकडे बघितलं.
तो माझ्या कानाकडे बघत होता, म्हणजे माझ्याकडेच.

नव्या तारा निळ्या, पिवळ्या, काळ्या,
प्रत्येकीवर छापील आकडा.
जाड आहेत, गाठ बसत नाही.
म्हणून रात्री मासेमारीच्या दोऱ्याची वेटोळी आवळली,
एक, दोन, तीन,
आणि भोंग्याचं बटण त्याच्या बाजूला नेलं,
गुडघ्याजवळ, न शोधता सापडेल असं.
उरलेली तार तशीच ठेवली. का, ते विचारू नका.

एप्रिलात बोट पाण्यात.
स्क्रीन म्हणते, इंजिनाचे फेरे अठराशे सत्तर.
हालवार मान तिरकी करून ऐकतो:
"अठ्ठावीसशे. कमी कर, बाई."
स्क्रीनवर भांडले त्याच्याशी, धक्क्यापर्यंत भांडले.
चार सिलिंडरच्या जागी सहा दाबलं होतं.
दाबणारी मीच.

दुसऱ्या फेरीला, भूशिराच्या वळणावर,
त्याने गुडघ्याजवळ हात नेला आणि भोंगा वाजवला.
दीर्घ. खडकावरचे कुरव उडाले.
"कोणी आहे का समोर?" त्याने विचारलं.

समोर अखंड पाणी होतं, माझ्या नव्या उंचीवरून दिसणारं.
"आहे एक," मी म्हटलं. "वळला बघ."
त्याने हात वर करून त्याला सलाम केला.